घरी वाळवलेली अळिंबी बरणीत पुन्हा सादळते: नेमके काय करावे?

प्रश्न

मी बटन आणि धिंगरी या दोन्ही प्रकारची अळिंबी घरी वाळवून ठेवतो. विजेचा पंखायुक्त ओव्हन माझ्याकडे आहे, परंतु त्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही. शिवाय आता एक लहान डिहायड्रेटरही घेतला आहे. ट्रेवरून काढताना चकत्या हाताला कडक लागतात, त्यांच्या कडा तर बोटांत चुरतात. मात्र बरणीत भरून ठेवल्यावर काही दिवसांतच त्याच चकत्या चामड्यासारख्या चिवट होतात आणि झाकण उघडताच किंचित कुबट वास येतो. बरणी हवाबंद आहे आणि ती पूर्ण कोरडी करूनच मी भरतो, त्यामुळे ओलावा बाहेरून शिरत असेल असे वाटत नाही.

तेव्हा माझ्या शंका अशा आहेत: तापमान किती ठेवावे, चकती किती जाड असावी, आणि मुख्य म्हणजे अळिंबी खरोखरच वाळली आहे हे कसे ओळखावे? वाळवण्यापूर्वी ती उकळत्या पाण्यातून काढावी असे काही जण सांगतात, तर काही जण पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये असे म्हणतात. याबाबत जाणकारांनी कारणांसह लिहिल्यास उपकृत होईन.

प्रतिसाद १

आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून ओलावा बाहेरून आलेला नसून तो चकतीच्या आतच राहिलेला आहे. कडा पातळ असल्यामुळे त्या आधी वाळतात, देठ आणि छत्री जेथे जुळतात तो जाड भाग मात्र ओलसर राहतो. बरणी बंद झाली की हे आतले पाणी हळूहळू सर्वत्र समान पसरते, कडक झालेल्या कडा ते शोषून घेतात आणि संपूर्ण चकती चिवट होते. म्हणजे आपली बरणी चांगली आहे म्हणूनच हा प्रकार आपल्या लक्षात आला, असेही म्हणता येईल.

आता थोडा हिशेब पाहू, कारण सगळी मेख त्यातच आहे. ताज्या अळिंबीत साधारणपणे ९० टक्के किंवा त्याहूनही थोडे अधिक पाणी असते. एक किलो अळिंबीत ९२ टक्के पाणी आहे असे धरल्यास घन भाग फक्त ८० ग्रॅम उरतो. वाळलेल्या मालात २० टक्के ओलावा राहिला तर त्याचे वजन १०० ग्रॅम भरेल. तोच ओलावा १० टक्क्यांवर आणला तर वजन सुमारे ८९ ग्रॅम होईल. एका किलोतून ९०० ग्रॅम पाणी काढूनही माल टिकणार नाही आणि आणखी केवळ ११ ग्रॅम काढले की तो वर्षभर टिकू शकेल, असा हा मामला आहे. बुरशीला वाढण्यासाठी जी मोकळी आर्द्रता लागते, ती मोजण्याचे एक माप आहे. शुद्ध पाण्यासाठी ते १ असते आणि ०.६ च्या खाली बुरशी, यीस्ट किंवा जिवाणू यांपैकी काहीच वाढू शकत नाही. शेवटचे ते अकरा ग्रॅम आपल्याला या रेषेच्या खाली नेतात.

दुर्दैवाने हेच पाणी सर्वांत सावकाश निघते. सुरुवातीला पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा वाहत्या हवेबरोबर पाणी भराभर जाते. पुढे मात्र आतले पाणी झिरपत पृष्ठभागापर्यंत यावे लागते, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ मिलिमीटरच्या चकतीच्या तुलनेत १० मिलिमीटरच्या चकतीला या टप्प्यात दुप्पट नव्हे, तर जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून ४ ते ६ मिलिमीटर जाडी ठेवावी आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे सर्व चकत्या सारख्या जाडीच्या असाव्यात. एकाच ट्रेवर निम्म्या पातळ व निम्म्या जाड असतील, तर कोणत्या चकतीकडे पाहून थांबायचे हा प्रश्न सुटतच नाही. धिंगरी सुरीने कापण्याऐवजी तिच्या रेषांच्या दिशेने हाताने फाडली तर पट्ट्या नीट निघतात, फक्त बुडाचा घट्ट भाग वेगळा काढून अधिक बारीक करावा.

तापमानाविषयी माझे मत असे, की डिहायड्रेटरमध्ये पहिले दोन तास ४५ अंशांच्या आसपास, नंतर ५० ते ५५ आणि अखेरीस तास-दीड तास ६० अंश ठेवावे. अगदी आरंभीच तापमान चढवले की अळिंबी स्वतःच्याच पाण्यात शिजते, तिचा रंग गडद होतो आणि बाहेरचा थर घट्ट होऊन आतल्या पाण्याची वाट अडवतो. या जाडीच्या चकत्यांना एकूण ६ ते १० तास लागतात, परंतु हा आकडा केवळ अंदाजासाठी आहे. घड्याळाकडे पाहून ट्रे काढू नयेत.

आपल्या ओव्हनचे काम ६० अंशांवरही होईल. दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवावी, म्हणजे ओलसर हवा बाहेर पडेल आणि आतले तापमानही थोडे उतरेल. पंखा सुरूच ठेवावा. पुष्कळ लोक दार घट्ट लावून घेतात. तसे केल्यास निघालेली वाफ आतच कोंडते आणि वाळण्याऐवजी वाफवणे सुरू होते.

उष्णतेचे खरे काम कोणते, हेही समजून घ्यावे. खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर नुसत्या पंख्याखाली अळिंबी कितीही वेळ ठेवली तरी ती त्या दमट हवेशी जुळेल इतकीच वाळेल, त्यापलीकडे जाणार नाही. तीच हवा ५५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २१-२२ टक्क्यांवर येते आणि ती पाणी ओढून घेऊ लागते. म्हणून ट्रेवर चकत्या एकमेकींवर चढू न देता एकेरी थरात, जाळीवर, मध्ये फट ठेवून मांडाव्यात आणि निम्म्या वेळानंतर ट्रेच्या जागा बदलाव्यात. पंखा मागे असेल तर मागच्या ओळी आधी वाळतात, खाली असेल तर खालचे ट्रे.

वाळल्याची खूण: चकती ट्रेवरून काढून काही मिनिटे गार होऊ द्यावी, कारण गरम असताना ती मऊ लागू शकते आणि त्यावरून उलटसुलट निष्कर्ष निघतात. गार झाल्यावर सर्वांत जाड चकती निवडून ती देठाजवळ मोडावी. कट् असा आवाज होऊन सरळ तुकडा पडला तर माल तयार आहे. वाकली, दुमडली किंवा मोडताना तंतू ताणले गेले तर अजून वेळ आहे. ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांनी रिकाम्या ट्रेचे वजन आधी लिहून ठेवावे आणि शेवटच्या टप्प्यात तासातासाच्या अंतराने वजन करावे. दोन वजनांत फरक पडला नाही, म्हणजे त्या तापमानाला जेवढे निघायचे तेवढे पाणी निघून गेले.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद उत्तम आहे. रंग आणि चवीबाबत थोडी भर घालतो, कारण उकळत्या पाण्याविषयीचा प्रश्न तसाच राहिला आहे.

बटन अळिंबी कापल्यावर तपकिरी पडते, याचे कारण तिच्यातील टायरोसिनेज हे विकर. पेशी फाटल्या की ते हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने रंगद्रव्य तयार करते. दोन-तीन मिनिटे वाफवल्यास किंवा उकळत्या पाण्यात बुडवल्यास हे विकर निष्प्रभ होते आणि चकत्या फिकट राहतात, हे खरे आहे. परंतु त्याबरोबर पाण्यात विरघळणारे चवदार घटकही निघून जातात आणि पोतही रबरी होतो. तपकिरी रंगाने आरोग्याला काहीही अपाय होत नाही; रंगासाठी चव घालवणे मला तरी पटत नाही. रंग फारच नकोसा वाटत असेल, तर ताजी, घट्ट, पांढरी अळिंबी निवडावी आणि कापल्याबरोबर लगेच ट्रेवर घालावी. ज्या अळिंबीवर आधीच चिकटपणा आला आहे ती वाळवून वाचवण्याच्या फंदात पडू नये.

चवीच्या दृष्टीने सर्व प्रकार सारखे नाहीत, आणि कोणता प्रकार वाळवण्यास योग्य आहे हे विचारण्याआधीच लोक यंत्र विकत घेतात, असे माझे निरीक्षण आहे. बटन अळिंबी वाळवून पुन्हा भिजवली की मूळ पोत परत येत नाही; ती भुकटीसाठी किंवा रसदार पदार्थात शिजवण्यासाठी ठीक. धिंगरी त्यामानाने बरीच चांगली फुलते. शिटाकेचे मात्र उलटे आहे: ती ताजीपेक्षा वाळलेलीच अधिक चवदार लागते. तिचा ओळखीचा वास ज्या गंधकयुक्त द्रव्यामुळे येतो ते लेंथिओनिन, वाळवताना आणि भिजवताना विकरांच्या क्रियेतून तयार होते. तिच्या पेशींतील आरएनए तुटून ग्वानिलेट हे चवीचे द्रव्यही निर्माण होते. ग्वानिलेटला उमामी म्हणजे रश्शासारखी भरदार चव असते आणि ग्लुटामेट या चवीच्या दुसऱ्या द्रव्याच्या जोडीने ती अनेक पटींनी वाढते, हे जपानी संशोधक अकिरा कुनिनाका यांनी १९५७ च्या सुमारास केलेल्या कामातून पुढे आले. शिटाके थंड पाण्यात, शीतकपाटात रात्रभर भिजवून मगच तापवण्याची शिफारस केली जाते, ती याचसाठी; थेट उकळते पाणी ओतल्यास विकरांना काम करण्यास वाव मिळत नाही. तिचे देठ लाकडासारखे घट्ट असतात, ते वेगळे वाळवून केवळ अर्क काढण्यासाठी वापरावेत.

एका मुद्द्यावर मात्र पहिल्या प्रतिसादाशी माझा थोडा मतभेद आहे. तापमान तीन टप्प्यांत बदलणे शास्त्रशुद्ध असले, तरी पातळ चकत्यांना सुरुवातीपासून ५० ते ५५ अंश ठेवूनही फरक जाणवण्याइतका पडत नाही. टप्प्यांची खरी गरज अख्ख्या छत्र्या वाळवताना लागते.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. देठाजवळ मोडून पाहण्याची खूण माझ्या लक्षातच आली नव्हती. मी नेहमी कडेचाच तुकडा मोडून पाहत होतो. आणखी दोन गोष्टी विचारतो. सध्या बरणीत असलेल्या चकत्या पुन्हा वाळवता येतील का? आणि ऊन भरपूर असताना यंत्राशिवाय हे काम होऊ शकते का?

प्रतिसाद ३

कुबट वास येत असेल तर त्या चकत्या टाकून द्याव्यात. बुरशी डोळ्यांना दिसण्यापूर्वी वास येतो, आणि पुन्हा वाळवल्याने बुरशी थांबली तरी तिने तयार केलेली द्रव्ये नाहीशी होत नाहीत. केवळ मऊ पडल्या असतील, वास स्वच्छ असेल आणि एक-दोन दिवसच झाले असतील, तर ५५ ते ६० अंशांवर पुन्हा वाळवण्यास हरकत नाही. पुढच्या वेळी हा प्रसंग टाळण्यासाठी बरणी दोन तृतीयांशच भरावी, आठवडाभर रोज एकदा हलवावी आणि काचेच्या आतल्या बाजूला दव धरले आहे का ते पाहावे. दव दिसले तर त्याच दिवशी सर्व माल पुन्हा ट्रेवर. हा आठवडा निर्वेध पार पडला, की मग माल लहान बरण्यांत भरून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा.

उन्हाबाबत: हवेचे तापमान ३० अंशांच्या वर आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल, वाराही वाहत असेल, तरच केवळ उन्हावर विसंबावे. सायंकाळी ट्रे घरात घ्यावेतच, कारण रात्री हवा गार झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते आणि दिवसभरात गेलेल्या पाण्यापैकी काही परत येते. जाळी जमिनीपासून उंच ठेवावी, म्हणजे खालूनही वारा लागेल, आणि माशा बसू नयेत म्हणून वर पातळ कापड ताणून बांधावे. ते चकत्यांना टेकता कामा नये. हवामानाचा भरवसा नसेल तर दिवसभर उन्हात आणि शेवटचे दोन-तीन तास ओव्हनमध्ये असे करावे. ऊन फुकट असले तरी शेवटचा टप्पा यंत्रावरच उरकलेला बरा.

उघड्यावर वाळवलेल्या मालात किड्यांची अंडी असू शकतात. त्यासाठी माल हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान ४८ तास ठेवावा, अथवा ७० अंशांवर अर्धा तास तापवावा. फ्रीझरमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत मुळीच उघडू नये. थंडगार चकत्यांवर हवेतील बाष्प क्षणात जमते आणि सारी मेहनत वाया जाते.

उन्हाचा एक वेगळा फायदा आहे. अळिंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण त्यावर पडले की त्याचे रूपांतर ड२ जीवनसत्त्वात होते. त्यासाठी पूर्ण दिवस लागत नाही. दुपारच्या प्रखर उन्हात चकत्या, किंवा छत्री अख्खी असेल तर कल्ले (छत्रीखालचे पातळ पापुद्रे) वर करून, पाऊण-एक तास ठेवल्या तरी चांगला परिणाम होतो. नंतर यंत्रात वाळवाव्यात. खिडकीच्या काचेमागे ठेवून हे साधत नाही, कारण साधी काच ते किरण अडवते.

प्रतिसाद ४

धुण्याविषयी कोणीच लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पाण्याचा स्पर्शही नको, ही समजूत अतिरेकी आहे. अख्खी अळिंबी वाहत्या पाण्याखाली झटकन धुतल्यास ती फारच थोडे पाणी घेते आणि ते पाणी वाळवताना सहज निघून जाते. माती असेल तर ती धुवावीच, कारण वाळल्यावर कल्ल्यांत अडकलेली रेती निघत नाही. मात्र धुणे कापण्यापूर्वी व्हावे, भिजत घालू नये आणि धुतल्यावर कापडाने टिपून घ्यावे. स्वच्छ भुशावर किंवा पेंढ्यावर वाढवलेल्या धिंगरीला कोरड्या ब्रशने झटकले तरी पुरते.

सिलिका जेलच्या पुड्या बरणीत घालण्यास हरकत नाही, पण त्यांच्यावर वाळवण्याचे काम सोपवू नये. हे जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरते, तेही दमट हवेत. कोरड्या बरणीत त्याहून बरेच कमी. झाकण वारंवार उघडताना जे थोडेसे बाष्प आत शिरते, तेवढ्यापुरताच त्यांचा उपयोग.

प्रतिसाद ५

या चर्चेत सर्वांनी विकतची किंवा स्वतः वाढवलेली अळिंबी गृहीत धरली आहे आणि ते योग्यच आहे. तरीही रानातून गोळा केलेली अळिंबी वाळवणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. वाळवल्याने विष जात नाही. अमानिटा फॅलॉइडीस या प्राणघातक अळिंबीतील अमाटॉक्सिन हे विष वाळवून, शिजवून किंवा गोठवूनही टिकून राहते आणि यकृत निकामी करते. उलट वाळल्यावर आकार, रंग आणि वास बदलल्यामुळे ओळख पटवणे अधिकच कठीण होते. जाणकाराने ताजी असतानाच ओळखलेली नसेल ती अळिंबी ट्रेवर येऊच नये.

दुसरी गोष्ट भिजवण्याची. वाळलेली अळिंबी सुरक्षित असते ती पाण्याच्या अभावामुळे. पाणी घातले की ती पुन्हा नाशवंत होते. कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटे पुरतात. त्याहून अधिक वेळ भिजवायची असेल तर भांडे शीतकपाटात ठेवावे. खोलीच्या तापमानाला दोन-दोन दिवस भिजत ठेवलेल्या काळ्या कानासारख्या अळिंबीत एका जिवाणूमुळे बोंगक्रेकिक आम्ल तयार होऊन गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना चीनमध्ये नोंदल्या गेल्या आहेत, आणि हे आम्ल उकळल्यानेही नष्ट होत नाही. भिजवलेले पाणी फेकू नये, त्यात पुष्कळ चव उतरलेली असते. ते स्थिर होऊ द्यावे, तळाचा गाळ सोडून वरचे पाणी दाट विणीच्या कापडातून गाळावे आणि नीट उकळून वापरावे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. जुन्या चकत्यांना वास येत असल्याने त्या टाकून देत आहे. बटन अळिंबीची यापुढे भुकटीच करावी असे वाटते. तिच्यासाठी काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

प्रतिसाद १

भुकटीसाठी चकत्या आणखी कडक हव्यात, कारण थोडाही ओलावा असल्यास मिक्सरच्या पात्याभोवती लगदा जमतो. दळण्यापूर्वी त्या ५५ अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवून पूर्ण गार कराव्यात आणि थोड्या थोड्या, थांबून थांबून दळाव्यात, अन्यथा भांडे तापून भुकटी घाम धरते. दळून झाल्यावर झाकण लगेच उघडू नये. धूळ बसण्यास काही मिनिटे द्यावीत, कारण ती श्वासातून गेल्यास खोकला येतो आणि संवेदनशील व्यक्तींना त्रासही होतो.

भुकटीचा पृष्ठभाग कितीतरी मोठा असल्यामुळे ती चकत्यांपेक्षा लवकर ओलावा ओढते आणि तिचा वासही लवकर उडतो. म्हणून साठा चकत्यांचाच ठेवावा आणि महिन्याभरात संपेल एवढीच भुकटी एका वेळी करावी. ती कच्ची न वापरता पदार्थ शिजत असतानाच घालावी. शिटाकेच्या बाबतीत हे विशेष पाळावे, कारण कच्ची किंवा अर्धवट शिजलेली शिटाके खाल्ल्याने काही लोकांच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. डब्यातील भुकटीची ढेकळे होऊ लागली पण वास स्वच्छ असला, तर ती पातळ थरात पसरून ५० अंशांवर पुन्हा वाळवता येते. डिहायड्रेटरच्या जाळीवर त्यासाठी बेकिंगचा कागद अंथरावा आणि पंख्याचा वेग कमी करता येत असेल तर तो कमी ठेवावा, नाहीतर अर्धी भुकटी यंत्रातच उडून जाईल.